सेल बदलून पाहिले

संध्याकाळी साडेसातला मेडिकलच्या काउंटरवर गर्दी असतेच. त्या गर्दीतून पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका काकांनी पिशवीतून बीपीचं मशिन काढून काचेवर ठेवलं. "हे बिघडलंय. आत्ता एकशे अडतीस दाखवतं, दोन मिनिटांनी एकशे सोळा, परत लावलं की एकशे एकावन्न. आणि कोपऱ्यात हा बदाम सारखा लुकलुकतो." दुकानदार भला माणूस. त्याने मागचं झाकण उघडलं, जुने चार सेल काढून नवे घातले, पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. घरघर झाली, हवा सुटली, आकडे स्थिरावले: १२४, ८०, नाडी ७६. बदामाचा पत्ता नाही. "मशिन एकदम ओके आहे काका. लावताना तुमचा हात हलत असेल." काका म्हणाले, "असेल बुवा." सेलचे पैसे दिले, मशिन परत पिशवीत गेलं. सगळं मिळून पाच मिनिटं. मागे रांगेत असलेल्यांपैकी कोणीही, हे लिहिणाऱ्यासकट, त्यांच्या मनगटाला हात लावला नाही.

मशिन खरंच ठीक होतं.

हे घरगुती मशिन काय करतं? पट्टा फुगवून दंडातली धमनी दाबतं, मग हवा हळूहळू सोडताना प्रत्येक ठोक्यासरशी पट्ट्यातल्या हवेला बसणारे बारीक हिसके टिपतं आणि त्यांच्या चढउतारावरून वरचा-खालचा आकडा काढतं. हा सगळा हिशेब लागोपाठचे ठोके साधारण सारखेच असतील या भरवशावर चालतो. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय विस्कटवणाऱ्या विकारात, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला नुसतं 'एएफ' म्हणतात त्यात, तो भरवसा उरत नाही. दोन ठोक्यांमध्ये मोठी फट पडली की हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकट बसतो. फट छोटी असली तर अर्धवट भरलेलं हृदय पुचाट ठोका देतं. मशिनच्या हाती यातले कोणते ठोके लागतील त्यावर आकडा ठरतो. म्हणून एएफ असलेल्या माणसाने बीपी एकदा मोजून वहीत लिहायचं नसतं. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायचं, मिनिटामिनिटाच्या अंतराने तीनदा मोजायचं आणि सरासरी लिहायची. तो बदाम म्हणजे निदान नव्हे. हात हलला तरी येतो, अधूनमधून एखादा आगाऊ ठोका पडला तरी येतो. पण स्वस्थ बसूनही दर वेळी येत असेल तर दुकान बदलायचं नाही, ईसीजी काढायचा. निदान कागदाच्या त्याच पट्टीवर होतं: पी नावाची छोटी लाट गायब, आणि उंच सुळक्यांमधली अंतरं वाटेल तशी.

ईसीजीच्या आधीही एक फुकटचं साधन असतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, आपली तर्जनी-मधली-अनामिका टेकवायची (अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी मध्ये येते) आणि पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणं निरोगी माणसासाठी ठीक. इथे त्या पंधरा सेकंदांत काय सापडेल याचा नेम नाही. आणि आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची. नियमित चालता चालता एखादाच ठोका गळाला आणि पुन्हा गाडी रुळावर आली, तर तो बहुधा आगाऊ ठोका, बऱ्याचदा निरुपद्रवी. एएफची नाडी तशी नसते. पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळतात त्यांनाही काही एक लय असते. एएफ म्हणजे वळवाचे पहिले टपोरे थेंब पत्र्यावर पडतात तसं: एक, मग दोन लागोपाठ, मग वाट बघायला लावणारी शांतता, मग चार. 'काळजाचा ठोका चुकला' असं आपण म्हणतो तेव्हा चुकलेल्या ठोक्यानंतर सम सापडणार हे गृहीत धरलेलं असतं. इथे समच नाही.

शिवाय मनगट पुष्कळदा कमीच सांगतं. छातीवर नळी ठेवली तर १३० ठोके ऐकू येतात आणि त्याच मिनिटाला मनगटावर ९६ लागतात, कारण पुचाट ठोके हातापर्यंत पोचतच नाहीत. कोरोनाच्या वेळी घरोघरी घेतलेले ऑक्सिमीटर अजून कपाटांत पडून आहेत. ते बोटाला लावून सगळे पहिला आकडा बघतात, ९७ आला की निश्चिंत. खालचा आकडा ८२, ११७, ९५ असा नाचत असतो, त्याकडे लक्ष जात नाही.

आत काय चाललेलं असतं ते सांगायला फार वेळ लागत नाही. वरच्या दोन कप्प्यांना, शाळेच्या पुस्तकातल्या अलिंदांना, एका केंद्रातून मिनिटाला साठ-सत्तर वेळा इशारा मिळायचा; त्याऐवजी आता मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विस्कळीत विद्युत लहरी तिथे फिरत असतात. अलिंद आकुंचन पावत नाही, नुसतं थरथरतं. मधली एव्ही गाठ म्हणजे दारावरचा रखवालदार. ती सगळ्यांना आत सोडत नाही, म्हणून माणूस जगतो; पण ज्यांना सोडते त्यांचा क्रम लावत नाही. औषध नसेल तर खालचे दोन कप्पे, म्हणजे निलयं, सव्वाशे-दीडशेच्या गतीने धावतात. अलिंदाचा शेवटचा धक्का गेल्यामुळे हृदयाचं भरणं कमी होतं आणि एरवी एका दमात चढणारा माणूस दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरतो. कोणी सांगतं छातीत मासळी तडफडते, कोणी सांगतं घशाशी काहीतरी फडफडतं, आणि बरेचजण सांगतात काहीच नाही, फक्त हल्ली थकवा येतो. एएफचा झटका आला की तासाभरात दोन-तीनदा भरपूर लघवीला होतं, हे कितीतरी लोक लाजून सांगत नाहीत. त्यात वेगळं काही नाही. ताणलेलं अलिंद एक संप्रेरक सोडतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावतं. काहींना झटका दिवसा, दगदगीत येतो. काहींना रात्री जड जेवणानंतर आडवं झाल्यावर.

स्वतःच्या झटक्यांची अशी पारख असलेला एक रुग्ण वैद्यकाच्या इतिहासात जाऊन बसला आहे. १९१२ साली एक डच व्यापारी हृदयाच्या लयीचे नामांकित डॉक्टर वेन्केबाख यांच्याकडे गेला. नाडी अनियमित झाली की त्याला ते सहन होत नसे. हे थांबवता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तर तो म्हणाला, मी थांबवून दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो नियमित नाडी घेऊन हजर. तो पूर्वेकडच्या मलेरियाच्या मुलखात राहिलेला होता आणि क्विनाइनच्या एका ग्रॅमने आपली नाडी सुधारते हे त्याचं त्यालाच कळलं होतं. त्यातूनच पुढे क्विनिडिन हे लय सुधारणारं औषध आलं. ही हकिगत हृदयरोगाचे शिक्षक आवडीने सांगतात. डॉक्टरने रुग्णाचं ऐकून घेतलं, हा भाग मात्र घाईत राहून जातो.

पण फडफडीकडे लक्ष देता देता एक घोटाळा होतो. जाणवतं ते एकीकडे आणि घात होतो तो दुसरीकडे. डाव्या अलिंदाला अंगठ्याएवढी एक पिशवी लटकलेली असते. अलिंद थरथरत राहिलं की त्या पिशवीतलं रक्त साचतं, साचलेलं गोठतं, आणि गुठळी सुटली तर सरळ वाट मेंदूकडे जाते. अर्धांगवायूचा धोका साधारण पाचपट होतो. या पिशवीला ना वेदना ना आवाज. ज्याला रोज धडधड होते त्याचा धोका जास्त आणि ज्याला काही कळतही नाही त्याचा कमी, असं अजिबात नाही. धोका ठरतो तो गुणांवरून, डॉक्टर ज्याला 'चॅड्स-व्हॅस्क' म्हणतात: हृदय कमजोर असेल तर १, बीपी १, मधुमेह १, रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा पुढे २, आधी पक्षाघात झाला असेल तर २. बाई असण्याचा एक गुण युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये यादीतून वगळला. एक गुण असेल तर विचार करायचा, दोन किंवा जास्त असतील तर गुठळी रोखणारी गोळी घ्यायची. मेडिकलमधल्या त्या काकांचं वय आणि बीपी धरलं तरी काउंटरवरच तीन गुण झाले असते.

ॲस्पिरिनने हे काम होत नाही. कितीतरी घरांत 'हृदयाची छोटी गोळी चालू आहे ना' म्हणून समाधान मानलं जातं.

गुठळी रोखणाऱ्या गोळीला आपण 'रक्त पातळ करणारी' म्हणतो. रक्त काही पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो, एवढंच. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने ज्यांची मायट्रल झडप आखडली आहे, आणि आपल्याकडे अशी माणसं अजून पुष्कळ आहेत, किंवा ज्यांना धातूची झडप बसवली आहे, त्यांना जुनीच गोळी लागते: वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत संधिवाताच्या हृदयविकारासह एएफ असलेल्यांना नवी गोळी देऊन पाहिली, तर जुनीच सरस ठरली. ही जुनी गोळी म्हणजे सासुरवाशिणीचा संसार, सगळ्यांची मर्जी सांभाळायची. रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारी आयएनआर नावाची रक्ततपासणी २ ते ३च्या मध्ये हवी (धातूची झडप असेल तर मर्यादा डॉक्टर वेगळी ठरवतात). बसेपर्यंत आठवड्याला, बसल्यावर साधारण महिन्याला. डोस वारांवर ठरतो, सोम-बुध-शुक्र एक, बाकीचे दिवस अर्धी. अर्ध्या गोळ्या रविवारीच कापून डबीत भराव्यात, नाहीतर बुधवारी पाकिटात दोन अर्ध्या दिसतात आणि मंगळवारची घेतली की नाही यावर घरात वाद होतो. पालेभाज्या बंद करायच्या नसतात. मेथी, पालक, शेपू, अंबाडीत गोळीच्या विरुद्ध काम करणारं के जीवनसत्त्व असतं हे खरं, पण प्रश्न प्रमाण हलण्याचा आहे. आठवड्यातून तीनदा भाजी खाणाऱ्याचा डोस त्या भाजीसकट बसवलेला असतो. श्रावणात सोमवार-शनिवारचे उपास सुरू झाले, नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि शेंगदाण्यावर काढले, की भाजी जाते आणि आयएनआर वर चढतो. हे श्रावण लागायच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवावं, एक तपासणी जास्तीची करावी.

खरा दगाफटका मात्र भाजी करत नाही, दुसरी गोळी करते. जुलाब झाले म्हणून दुकानातून परस्पर आणलेली मेट्रोनिडाझोल आयएनआर भराभर चढवते. बुरशीवरची फ्लुकोनाझोलही तशीच. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅकची जोडगोळी घेतली तर जठरातून रक्त जाऊ शकतं, आणि पहिली खूण असते डांबरासारखी काळी शौचाला होणं. अंगदुखीवर ठरलेल्या मापात पॅरासिटामॉल बरी. टीबीची रिफाम्पिसिन उलट बाजूने घात करते, जुन्या-नव्या दोन्ही गोळ्यांचा असर उडवते. आणि कमरेत सुई टोचून घेतल्याशिवाय डॉक्टरकडे गेल्यासारखं न वाटणाऱ्यांनी आपली गोळी आधी सांगावी. स्नायूत टोचलेल्या सुईने आत रक्त साकळून नारळाएवढी सूज येऊ शकते. दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने पाच दिवस गोळी बंद ठेवणं हा आणखी एक प्रकार. साधा एखादा दात बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून, टाके आणि दाब देऊन काढता येतो. दंतवैद्याला आदल्या दिवशीचा आयएनआर दाखवला की झालं.

नव्या गोळ्यांना ना भाजीचं वावडं ना आयएनआर. पण त्यांची शिस्त निराळी. रिव्हरॉक्साबॅन २० मिलिग्रॅम रोज एकदा, भरल्या पोटी. रिकाम्या पोटी तिचा दोन-तृतीयांशच भाग अंगी लागतो. म्हणजे एकादशीला रात्री नुसतं दूध पिऊन घेतली तर ती अर्धीमुर्धीच घेतल्यासारखी. ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाशी संबंध नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून पूड दुधात कालवायची नाही, औषध एकदम जास्त शोषलं जातं. गिळायला त्रास असलेल्या आजीला ती देऊच नये. एखादी वेळ चुकली तर दोनदा घ्यायच्या गोळीला सहा तास आणि एकदा घ्यायच्या गोळीला बारा तास सवलत. त्यानंतर ती खेप सोडून द्यायची, दुप्पट कधीच नाही. जुन्या गोळीचा असर चार-पाच दिवस रेंगाळतो, नवीचा दिवसभरात उतरतो. 'पाकीट शनिवारी संपलं, सोमवारी आणू' हे म्हणून तिला चालत नाही. गावाला जाताना कपड्यांच्या आधी गोळ्या मोजाव्यात.

आणि भीतीने केलेली अर्धी मात्रा! 'म्हाताऱ्या आहेत, रक्तस्राव नको' म्हणून ॲपिक्साबॅन अडीचची लिहिली जाते. नियम स्पष्ट आहे: वय ८० किंवा वर, वजन ६० किलो किंवा खाली, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दीड किंवा वर, या तिन्हींपैकी दोन असतील तरच अडीच. आपल्याकडच्या काटकुळ्या आज्या वजनात सहज बसतात, पण एकट्या वजनावर मात्रा उतरत नाही. म्हणून वर्षातून निदान दोनदा क्रिएटिनिन आणि दर भेटीला वजन. पडण्याची भीती हेही गोळी बंद करायचं कारण सहसा ठरत नाही. न्हाणीघरात पकडायला दांडी लावावी, गोळी चालू ठेवावी. मात्र डोक्याला मार बसला तर टेंगूळ नसलं, हुशारी चांगली असली तरी सीटी स्कॅनसाठी त्याच दिवशी जायचं.

आता रात्री दोनला झटका येतो तेव्हाचं. उठून बसायचं, घड्याळ बघून वेळ लिहायची, घोटभर पाणी प्यायचं, पूर्ण मिनिट नाडी मोजायची. रक्ताची गोळी जास्तीची घ्यायची नाही, ती धडधड थांबवत नाही. गती आवरायला मेटोप्रोलॉलसारखी गोळी असते; विश्रांतीत ११०च्या आत राहिलं तरी पुष्कळांना पुरतं. हृदयाची रचना ठणठणीत असलेल्या काहींना डॉक्टर खिशात ठेवायची गोळी देतात: फ्लेकेनाइड, वजन ७० किलोच्या आत असेल तर २०० मिलिग्रॅम, पुढे ३००, आणि तिच्या अर्धा तास आधी गती आवरणारी गोळी, नाहीतर लय बदलताना निलयं भलत्याच वेगाने धावू शकतात. पहिली खेप दवाखान्यात, मॉनिटरखालीच. ज्याला हार्ट ॲटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी हा मार्ग बंद. आणि छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, दम लागून वाक्य पुरं होईना, बीपी उतरलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर लिहीत बसायचं नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याच्या औषधाला साधारण साडेचार तासांची मुदत असते. रक्ताची गोळी शेवटची कधी घेतली तेही तिथे पहिल्यांदा विचारतात.

बाकीचे झटके येतात आणि जातात. सात दिवसांच्या आत आपसूक गेला तर तो येणारा-जाणारा एएफ. गेला की सुटल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या महिन्यात परत आला की अपराध्यासारखं: काय खाल्लं, कुणावर चिडलो, जागरण केलं का? काही कारणं खरी असतात. दारू आहे. थायरॉइड आहे, म्हणून टीएसएचची रक्ततपासणी. ताप, जुलाब, घटलेलं पोटॅशियम आहे. सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे घोरणं. आपल्या घरांत तो चेष्टेचा विषय, पण झोपेत श्वास अडकत असेल तर अलिंद रोज रात्री ताणलं जातं. जाडेपणा असेल तर दहा टक्के वजन टिकाऊपणे उतरवल्याने झटके खरोखर कमी होतात. आणि पुष्कळ झटक्यांना काही म्हणजे काही कारण नसतं. चहा उगाच बदनाम होतो.

लय टिकवणारी अमिओडॅरोन गुणी आहे आणि तितकीच खोडकर. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन, म्हणून दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृत बघायचं; कोरडा खोकला आणि दम वाढला तर फुप्फुसं. उन्हात कातडी करपते. अंगातून निघून जायला महिने लागतात आणि जुन्या रक्ताच्या गोळीचा असर ती हळूहळू वाढवते, म्हणून त्या गोळीचा डोस तिसरा हिस्सा किंवा जास्तच उतरवावा लागतो. ॲब्लेशनची, म्हणजे हृदयात डाग देऊन एएफ रोखण्याची वाट उघडली १९९८ मध्ये. बोर्दोमध्ये हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांमध्ये दाखवून दिलं की ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. आज त्या तोंडांभोवती वर्तुळाकार डाग देऊन ती वेगळी केली जातात. पहिले दोन-तीन महिने फडफड झाली तर अपयश मोजत नाहीत, सूज उतरायची असते. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. आणि लय सुधारली तरी रक्ताची गोळी गुणांनुसार चालूच राहते. हे ऐकल्यावर माणसाचा चेहरा पडतो: मग केलं कशाला? जिना चढता यावा म्हणून.

हल्ली न्यू जर्सीहून मुलगा घड्याळ पाठवतो. त्यावर बोट टेकलं की तीस सेकंदांचा ईसीजी निघतो, आणि झटका पकडायला तो खरंच कामाचा आहे. पण दिवसातून चाळीस वेळा बोट टेकणारा माणूस झटक्यापेक्षा घड्याळानेच जास्त दमतो. सकाळ-संध्याकाळ एकदा, आणि फडफडलं तर. निघालेली पट्टी साठवून ठेवायची, चढलेला आकडा नव्हे.

तारीख-वेळ लिहायची ती उगाच नाही. विजेचा झटका देऊन लय परत आणायची असेल तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, कधीपासून? जुना हिशेब ४८ तासांचा, युरोपात आता २४ चा. त्याहून जास्त झाले असतील, किंवा सांगताच येत नसेल, तर आधी तीन आठवडे अखंड रक्ताची गोळी, नाहीतर अन्ननलिकेतून एको करून ती पिशवी रिकामी असल्याची खात्री. आणि नंतर चार आठवडे गोळी सगळ्यांनाच. बहुतेकांकडे या प्रश्नाला उत्तर नसतं.

काउंटरवरची एक गोष्ट वर सांगायची राहिली. काका निघताना दुकानदाराने त्यांना थांबवलं. "जरा द्या इकडे. जुने आकडे भरलेत यात, त्यानेच तुमचा गोंधळ होतोय." त्या मशिनच्या पोटात जुनी मोजमापं साठून राहतात, प्रत्येकाला तारीख, वेळ, आणि असेल तिथे तो बदाम. मागे मागे जात बटण दाबलं असतं तर पहिला बदाम कोणत्या दिवशी उमटला ते दिसलं असतं. दुकानदाराने मेमरीचं बटण अंगठ्याने दाबून धरलं, पडदा रिकामा होईपर्यंत. "घ्या, नव्यासारखं झालं."